एका सहीचं मत

एल्क फोर्कमध्ये लवॉन टॉफ्टेवर कधी कुणी संशय घेतला नव्हता, असं आज सांगितलं तर लोक सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतील. पण ते खरं होतं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्धाश्रमात बावीस वर्षं स्वयंपाक केलेली ही बाई. तिथल्या म्हाताऱ्यांच्या पथ्यात तिने चिमूटभर मीठ जास्त पडू दिलं नाही, आणि त्यापायी त्यांच्या शिव्याही मुकाट्याने खाल्ल्या. निवडणूक आली की हीच लवॉन टाउन हॉलमध्ये मतदान केंद्र सांभाळायची. हॉल म्हणजे बर्फ ढकलायचा ट्रक उभा करतात त्या शेडला चिकटलेली एक खोली. तिथे तिची खुर्ची खिडकीशी, आणि शेजारी ऑरिन व्हल्चेकची.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात माणूस लाल पक्षाचा तरी असतो नाहीतर निळ्या, आणि दोघांची संख्या इतकी बरोबरीची की दर निवडणुकीला सगळ्या देशाचा जीव इथे टांगणीला लागतो. म्हणून टेबलावर दोन्ही बाजूंची माणसं लागतात. लवॉनला लालवाल्यांनी नेमलेलं, ऑरिनला निळ्यांनी. प्रत्येक मतपत्रिका मतदाराच्या हातात देण्याआधी तिच्यावर दोघांची छोटी सही व्हायची. कितीतरी वर्षं ही दोघं कोपराला कोपर लावून सह्या करत आली. ऑरिनचं करवती आणि बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. मितभाषी माणूस, दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर लवॉनला वाटे आज याला ताप आहे की काय.

या केंद्रावर एक रीत होती. लवॉनच्या आधी जी बाई केंद्र सांभाळायची तिने ती घालून दिली होती: स्वतःच्या मतपत्रिकेवर स्वतः सही करायची नाही. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आपल्याच मताला आपणच साक्षीदार राहायचं हे त्या बाईला पटत नसे, आणि लवॉनलाही कधी पटलं नाही. लवॉन मत द्यायला उठली की तिच्या कागदावर एक सही ऑरिनची आणि दुसरी मेव्हिसची. मेव्हिस ही तिसरी मदतनीस.

त्या वर्षी विधानसभेच्या जागेसाठी लालवाल्यांकडून रोली ब्रँट उभा होता. धंद्याने लिलाव पुकारणारा, त्यामुळे आवाज दमदार आणि जीभ सैल. समोर निळ्यांकडून कोरीन हॅस्केट, गुरांची डॉक्टर. लवॉनचा नवरा व्हर्लिन आधी दुधाचा टँकर चालवायचा, आता रोलीसाठी जीव टाकायचा. अंगणात रोलीच्या नावाची पाटी लावून तो थांबला नाही. पाट्या चोरीला जातायत असा बोभाटा होता, तेव्हा हरणं टिपायला जंगलात लावतात तो कॅमेरा त्याने आणला आणि पाटीसमोरच्या झाडाला बांधला. महिनाभरात त्यात एक स्कंक, दोन रॅकून आणि पत्रपेटीकडे जाणारा स्वतः व्हर्लिन एवढेच सापडले. शेजारी हॅस्केटची पाटी लावणाऱ्यानेही असाच कॅमेरा बांधला होता. दोन्ही कॅमेरे दिवसभर एकमेकांकडे बघत बसायचे.

लवॉन मात्र रोलीला मत देणार नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, व्हर्लिनला तर नाहीच.

कारण साधं होतं. रोली काउंटीच्या मंडळावर होता तेव्हा वृद्धाश्रम विकायची भाषा सुरू झाली होती. एक दिवस तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, तिने भाजलेला ॲपल पाय दोनदा मागून खाल्ला आणि म्हणाला, "लवॉन, मी आहे तोवर या जागेला कुणी हात लावणार नाही." पुढच्याच महिन्यात त्याने विकायच्या बाजूने हात वर केला. जागा बाहेरच्या राज्यातल्या कंपनीकडे गेली, चूल बंद झाली, आणि ट्रकमधून गार, सीलबंद जेवण यायला लागलं. लवॉनच्या हातचं खाणारी म्हातारी माणसं पुठ्ठ्याच्या डब्यांची झाकणं काढता येईनात म्हणून रडायची. ती हे विसरली नाही. व्हर्लिनला सांगून बघितलं तर तो म्हणाला, "तुला आकडे कळत नाहीत, तोट्यात चालली होती ती जागा." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मतदानाच्या दिवशी दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा लवॉन म्हणाली, "मी माझं उरकून घेते." ऑरिनने एक कोरी मतपत्रिका ओढली, सही केली आणि मेव्हिसच्या जागेकडे सरकवली. मेव्हिस तिथे नव्हती. बाहेर गाडीत एक कंबर धरलेले गृहस्थ बसले होते, त्यांच्याकडे मतपत्रिका घेऊन ती गेली होती. तेवढ्यात करवतींच्या कारखान्यातली पाळी सुटली आणि दारात रांग लागली. लवॉन घाईने कागद उचलून पडद्याआड गेली, हॅस्केटच्या नावापुढचा गोल भरला आणि कागद यंत्रात सारून खुर्चीत येऊन बसली. यंत्राला सह्या दिसत नाहीत. त्याने कागद गिळला. दुसरी सही राहिली हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्याच गर्दीत मतदार यादीत कुणाच्या तरी नावापुढे क्रमांक घालायचाही राहिला, म्हणजे यादीवर एक मतदार कमी मोजला गेला. अशी चूक दर निवडणुकीत कुठे ना कुठे होते आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण या वेळी कोरीन हॅस्केट एका मताने निवडून आली. राज्याच्या राजधानीत, मॅडिसनच्या विधानसभेत दोन्ही बाजू समसमान झाल्या होत्या, आणि पारडं झुकवायला हीच जागा उरली होती. रोलीने फेरमोजणी मागितली.

फेरमोजणी काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत झाली. शिकारीचा मोसम चालू होता, त्यामुळे निम्मे लोक भडक नारिंगी जाकिटांत आलेले. मॅडिसनहून आलेले दोन्हीकडचे वकील कोटात. दोरीपलीकडे दोन्ही बाजूंचे बघे एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून होते. एखाद्याने खोकल्यासाठी तोंडापुढे हात नेला तरी समोरचा वही काढायचा. व्हर्लिन लालवाल्यांच्या पहिल्या रांगेत होता.

एल्क फोर्कची पिशवी उघडली. यादीवरच्या मतदारांपेक्षा कागद एक जास्त निघाला. अशा वेळी इथला नियम असा: ज्या कागदावर दोन सह्या नसतील तो आधी बाहेर काढायचा. असा कागद नसलाच तर सगळे पिशवीत घालून न बघता एक उचलायचा. काउंटीच्या कारकून बाईंनी एकेक कागद उलटायला सुरुवात केली, आणि शेवटी एक बाजूला ठेवला. त्यावर सही एकच होती, ऑरिनची.

मत हॅस्केटला होतं.

लवॉनने तो कागद बघितला. मेव्हिस, बाहेरची गाडी, दारातली रांग, सगळं तिला एका क्षणात आठवलं. तिने ऑरिनकडे बघितलं. ऑरिन कागदाकडे बघत होता, मग त्याने लवॉनकडे बघितलं, आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं. दिवसभरात लवॉनच्या सहीविना त्याच्या हातून सुटलेला कागद एकच.

निळ्यांचा वकील टेबलाशी आला. "बाई, केंद्रप्रमुख तुम्हीच ना?"

"हो."

"इतक्या सगळ्या कागदांवर तुमची सही आहे. फक्त आमच्या या मतावर नाही. ती राहिली, की राहू दिलीत?"

दोरीपलीकडे कुणीतरी हसलं. मत माझंच आहे, एवढं म्हटलं असतं तर तिच्यावरचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला असता. पण पहिल्या रांगेत व्हर्लिन उभा होता. शिवाय मत गुप्त असतं हे इतकी वर्षं तीच लोकांना बजावत आली होती. नवरे बायकांच्या पडद्यात डोकावायला लागले की त्यांना बाहेर काढणारीही तीच.

"राहिली," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?" वकील ऑरिनकडे वळला. "कुणाला दिला होता हा कागद, आठवतं?"

"मी दिवसभर सह्या करतो," ऑरिन म्हणाला. "तोंडं नाही बघत."

कागद बाद झाला. हॅस्केटची आघाडी गेली आणि दोघं बरोबरीत आले. बरोबरी झाली की या राज्यात चिठ्ठी टाकतात. विधानसभा कुणाच्या ताब्यात जाणार, हे आता एका वाडग्यातून निघणाऱ्या कागदावर होतं.

त्या आठवड्यात गावात लवॉनकडे बघायच्या दोनच तऱ्हा होत्या. रविवारी चर्चच्या जेवणात तिने केलेलं बटाट्याचं कॅसरोल निळ्यांपैकी कुणी शिवलं नाही. मेव्हिसची बहीण तर शेजारून जाताना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "काही बायकांची शाई नेमकी वेळेवर संपते." लवॉनला रडू आलं, पण ती डिश घेऊन ताठ मानेने बाहेर पडली.

दुसरी तऱ्हा तिला त्याहून झोंबली. सोमवारी दाराशी हरणाच्या सॉसेजची पिशवी आली. मंगळवारी मुरवलेल्या बीटची बरणी, त्यावर लाल फीत. बुधवारी पेट्रोलपंपावर एका नारिंगी जाकीटवाल्याने टोपीला हात लावून तिला सलाम ठोकला. तिला कशाचाच अर्थ लागेना. आपल्यावर पाळत आहे, आपली थट्टा चाललीय, असंच तिला वाटायला लागलं.

"हे सॉसेज कुणी आणि का ठेवलंय?" तिने व्हर्लिनला विचारलं.

व्हर्लिनने सॉसेज वासासाठी नाकाशी धरलं. "माणसं जाणतात गं."

"काय जाणतात?"

त्याने फक्त डोळा मारला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मारायचा तसा. लवॉनच्या अंगावर काटा आला, आणि तो काही त्या जुन्या कारणाने नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑरिनच्या गॅरेजमध्ये गेली. दुरुस्तीला म्हणून व्हर्लिनची करवत घेऊन गेली होती, कारण व्हल्चेककडे टॉफ्टेबाई रिकाम्या हाताने गेली असती तर समोरच्या बेकरीत तासाभरात बातमी झाली असती. ऑरिनने करवत उलटीपालटी केली.

"हिला काही झालेलं नाही."

"माहीत आहे मला."

ऑरिनने फडक्याला हात पुसले. दार लोटून घेतलं. लवॉनला वाटलं, आता हा मागणार काहीतरी. माणसं हल्ली काहीतरी मागतातच.

"कुणाला बोललास?" तिने विचारलं.

"नाही."

"तुझ्या वकिलाला?"

"तो रोज फोन करतो. म्हणतो, म्हातारीने पेन मुद्दाम उचललं नाही एवढं लिहून दे. मी म्हटलं, तू बर्फात जाऊन बस."

"बायकोला?"

"लवॉन, मी बायकोला जेवायला काय हवंय तेही सांगत नाही."

लवॉन हसली नाही. "मग तुला काय हवंय?"

ऑरिन खरोखरच दुखावला. तिने त्याला कधी असं बघितलं नव्हतं. "इतकी वर्षं शेजारी बसलो, आणि हे विचारतेस? तुझं मत तुझं. मी ते बघायला नको होतं, बघितलं. माझ्या तोंडून जाणार नाही." मग तो थांबला, आणि दहा वाक्यांचा कोटा ओलांडून पुढे बोलला. "पण माझी माणसं तुला चोर म्हणतात, तुझी माणसं चोर समजून डोक्यावर घेतात. दुसरं जास्त वाईट. मला नाही बघवत."

"माझी माणसं तसं समजत नाहीत."

"सॉसेज कशाचं आलं मग?"

लवॉनने करवत उचलली आणि निघाली. गाडीत करवत ठेवून तिने किल्ली फिरवली. व्हर्लिनने मारलेला डोळा तिला आता समजला होता.

चिठ्ठी रोलीच्या नावाची निघाली. शुक्रवारी हेमलॉक क्लबमध्ये मासे तळतात, आणि त्या शुक्रवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. लवॉनला जायचं नव्हतं. "डोकं दुखतंय म्हणू का?" तिने विचारलं होतं. व्हर्लिन म्हणाला, "वेडी की काय? आज तर जायलाच हवं." त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, तिच्या कोटावरचा धागा झटकला, तिच्यासाठी ट्रकचं दार उघडलं. दार त्याने शेवटचं कधी उघडलं होतं ते तिला आठवेना.

दारातून आत गेल्याबरोबर बारपाशी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावर न मागता ब्रँडीचे दोन ग्लास आले, चेरी घातलेले. मासे यायच्या आधीच रोली ब्रँट उभा राहिला आणि लिलावाच्या आवाजात म्हणाला, "मंडळी, या जागेसाठी घरोघर हिंडलो, भाषणं केली, टाचा झिजवल्या. पण खरं सांगू? सगळ्यात मोठं काम एका बाईने केलं, आणि तेही काहीच न करून!"

हशा पिकला. रोलीने ग्लास उंचावला. "लवॉन, तुझं पेन मला दे. फ्रेम करून कार्यालयात लावतो!"

लोक बाकं वाजवायला लागले. व्हर्लिनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या टेबलाला सांगितलं, "माझी बायको. एक शब्द बोलली नाही मला. एक शब्द!" त्याचे डोळे पाणावले होते. लवॉनने त्याच्याकडे बघितलं. बावीस वर्षांनी तिची चूल बंद झाली तेव्हा वृद्धाश्रमाने तिचा निरोपसमारंभ केला होता, त्या दिवशीसुद्धा त्याचा चेहरा असा फुलला नव्हता. आपल्या बायकोने दुसऱ्याचं मत बुडवलं असं त्याला वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर इतका खूश होता. तिला किळस आली. त्याची की स्वतःची, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती उठली. "ते मत माझं होतं," ती म्हणाली.

लोकांना वाटलं भाषण सुरू होतंय. कुणी म्हणालं, "जोरात बोल!"

"तो कागद माझा होता," लवॉन जोरात म्हणाली. "स्वतःच्या मतावर मी सही करत नाही. कधीच केली नाही. ऑरिनने केली, मेव्हिस बाहेर होती, म्हणून दुसरी राहिली. मी कुणाचं मत बुडवलं नाही. माझंच बुडालं."

आतल्या कढईतलं तेल ऐकू यायला लागलं. हिशेब लागायला लोकांना थोडा वेळ लागला. आधी रोलीला लागला. ग्लास त्याच्या हातात तसाच वर राहिला.

"पण ते मत तर..." तो म्हणाला.

"हो," लवॉन म्हणाली. "ॲपल पाय चांगला झाला होता ना, रोली? दोनदा घेतलास."

तिच्या खांद्यावरचा हात निघून गेला होता. कधी निघाला ते तिला कळलंही नाही.

"व्हर्लिन," ती हळूच म्हणाली, "मी चोर आहे असं तुला वाटत होतं तोवर तू मला धरून होतास."

व्हर्लिनने टोपी उचलली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला. मासे आले. वाढणारी मुलगी बिचारी दोन्ही ताटं हातात घेऊन उभी राहिली, ठेवू की नको तिला कळेना. "ठेव," लवॉन म्हणाली, आणि खाली बसून खायला लागली. इतक्या नजरांसमोर अर्धं ताट टाकून उठायचं नाही हे तिने ठरवलं होतं.

बाहेर आली तेव्हा ट्रक उभा होता, इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या. व्हर्लिन तिला टाकून गेला नव्हता, पण दारही त्याने उघडलं नाही. ती स्वतः चढून बसली. काउंटी रस्त्यावर दोन्हीकडे कापलेल्या मक्याची शेतं आणि त्यांवर पातळ बर्फ होतं. अजून न काढलेल्या पाट्या एकेक करून मागे गेल्या, हॅस्केटच्या, रोलीच्या. व्हर्लिन समोर बघून गाडी चालवत होता. रागाने काहीतरी बोलेल म्हणून लवॉन वाट बघत होती. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घराच्या वळणाशी त्याने गाडी हळू केली. वळवली मात्र नाही. तशीच रस्त्यावर उभी केली, आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. फेरमोजणीत दोरीपलीकडची माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत होती, तसं.

"याच वेळी?" त्याने विचारलं. "की आधीही? गव्हर्नर निवडला त्या वेळी? त्याच्या आधी? इतकी वर्षं मी तुला सकाळी केंद्रावर सोडायचो, रात्री घ्यायला यायचो..."

लवॉनने मांडीवरची पर्स सरळ केली.

"ते गुप्त असतं, व्हर्लिन," ती म्हणाली. "गाडी आत घे."